बकध्यान

आमच्या लहानपणी संध्याकाळी बगळ्यांची रांग डोक्यावरून जाऊ लागली, की आम्ही सारी मुले हाताची नखे आभाळाकडे धरून त्यांच्याकडे कवड्या मागत असू. दुसऱ्या दिवशी कुणाच्या नखावर पांढरा ठिपका दिसला, तर ती बगळ्याने दिलेली कवडी म्हणून तो दिवसभर मिरवीत असे. बगळा आपल्याला काही देतो, ही समजूत भाबडी खरी. पण त्या वयात आमचा तिच्यावर पुरा विश्वास होता. माणसाने बगळ्याकडून प्रत्यक्षात काय घेतले, हे मात्र मला वयाची चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही एका मुलाच्या फसलेल्या फोटोमुळे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. पुढे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळी माजली, आणि इंजिनियरांच्या हिशेबी जो तोटा तो पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर यादीत जाणारे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ म्हणून त्याचे नाव झाले. गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. एका मुलाने मामाचा कॅमेरा आणला होता. चांगला हातभर लांब नळीचा. पोचायला आम्हांला अकरा वाजले. मुलांनी डबे सोडले आणि हा पठ्ठ्या मनोऱ्यावर चढून फटाफट फोटो काढीत सुटला. परतताना बसमध्ये त्याने मला त्याचा बगळा दाखविला. काळ्या चिखलावर कुणी चुन्याचे बोट पुसावे, तसे काहीतरी दिसत होते. ना पीस, ना मान, ना डोळा.

"सर, मामा म्हणतो कॅमेरा लाखाचा आहे. मग बगळा असा का आला?" आणि मी उत्तर शोधीत असताना त्याचा दुसरा प्रश्न आला : "पूर्वी असले कॅमेरे नव्हते, तेव्हा लोक कसे काढायचे?"

मला पहिल्याचे उत्तर येत नव्हते आणि दुसऱ्याचेही येत नव्हते. 'ठाऊक नाही' म्हणणे मास्तराला जड जाते. मी 'उद्या सांगतो' म्हटले. तो उद्या उगवायला तीन-चार महिने लागले, आणि त्या मुदतीत जे हाती आले ते येथे मांडीत आहे.

पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या बगळ्याचे एक फार जुने छायाचित्र १८५६ सालचे आहे. वेल्समधील पेनलेरगेअर येथील जमीनदार जॉन डिलविन लुवेलिन याने ते काढले. ह्या गृहस्थाला शास्त्राचा नाद होता, आणि त्याची पत्नी तर छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक जो फॉक्स टॅल्बट, त्याची मावसबहीण. चित्राचे नाव 'पिस्केटर', म्हणजे लॅटिन भाषेत मासे धरणारा. तळ्याचा काठ, झाडी, संथ पाणी आणि पाण्यात राखी बगळा. चित्र पाहून कुणीही म्हणेल, काय धीराचा माणूस असेल हा! पण तो बगळा पेंढा भरलेला आहे. मेलेला पक्षी आणून लुवेलिनने आपल्या तळ्याच्या काठी उभा केला होता.

त्याला हसू नये. त्या काळी काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचा, असा खटाटोप होता. काच उजेड टिपायला काही सेकंद घेई. तेवढ्यात झाडाचे पान हलले तरी त्याचा धूर होई. काच फार लवकर वाळू नये म्हणून ह्याच लुवेलिनने तिला मध आणि व्हिनेगर यांचे पाणी लावून पाहिले होते, आणि ती युक्ती साधलीही. घरातल्या लोणच्या-मुरंब्याचे सामान विज्ञानाच्या कामी आलेले पाहून मला तरी आनंद झाला. गंमत अशी, की इतक्या मंद काचेपुढे न हलता उभा राहणारा पक्षी जगात कोणता असेल, तर तो बगळाच. आपण ढोंग्याच्या ध्यानाला बकध्यान म्हणतो ते उगीच नव्हे. परंतु हा ध्यानस्थ साधू माणसाला काही हातांच्या पलीकडेच ठेवतो. तो उभा राहायला तयार होता. माणसाला त्याच्याजवळ जाता येत नव्हते.

१८७० साली बोस्टनच्या चार्ल्स ह्यूइन्सने स्ट्रासबर्ग येथे घरट्यातल्या पांढऱ्या करकोच्याचे छायाचित्र घेतले. जिवंत रानपक्ष्याच्या पहिल्यावहिल्या चित्रांत त्याची गणना होते. युरोपातला हा करकोचा माणसांच्या घरांवर घरटे करणारा, म्हणून ते जमले. पुढच्याच वर्षी रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून कोरडी काच बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. ओल्या काचेच्या कामातील ईथरच्या वाफांनी त्याची प्रकृती बिघडत असे, म्हणून त्याने हा उपद्व्याप केला. दहा वर्षांत कोरड्या काचा बाजारात आल्या, त्या वेगवान झाल्या, आणि माणूस तंबू न घेता काठापर्यंत जाऊ लागला.

येथे मला आपल्या भाषेतील एका शब्दाचे कौतुक करावेसे वाटते. पक्षी दाणा टिपतो. शिकारी पक्षी टिपतो. आणि फोटो काढणाराही क्षण टिपतो. तिन्ही क्रियांना मराठीत एकच क्रियापद पुरते. इंग्रजांकडेही असेच काही घडले : 'स्नॅपशॉट' हा मुळात शिकाऱ्यांचा शब्द, फारसा नेम न धरता झटकन झाडलेल्या बाराचा, तो छायाचित्राला लावला तो १८६० साली ज्योतिषी जॉन हर्शेलने. फ्रान्सच्या एत्येन झ्यूल मारे याने तर १८८२ साली खरोखरीच बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. दस्ता खांद्याला लावायचा, घोडा ओढायचा, आणि सेकंदाला १२ चित्रे निघायची. ह्या बंदुकीने उडत्या पक्ष्यांचे पंख प्रथमच टप्प्याटप्प्याने दिसले आणि पक्षी मात्र जिवंत राहिला. लोकांना वेड्याचा खेळ वाटला असेल. पण पुढल्या पन्नास-पाऊणशे वर्षांचा सारा इतिहास मला त्या एका यंत्रात दिसतो. बंदूक तीच, फक्त तिच्या नळीतून काही बाहेर पडत नाही, आत येते.

पुढची मजल इंग्लंडात मारली गेली. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातील रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. थोरला लहानपणच्या अपघाताने पायाने अधू, धाकटा दणकट. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथे धाकट्याने थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, छायाचित्र घेतले आणि तेथून दोघांनी ह्या वेडाला वाहून घेतले. १८९५ साली निघालेल्या त्यांच्या घरट्यांवरील पुस्तकात सारी चित्रे छायाचित्रेच होती. पक्ष्याच्या जवळ कसे जावे, ह्यासाठी त्यांनी केलेल्या युक्त्या वाचताना नाटककंपनीच्या सामानाची आठवण येते. खोटे झाडाचे खोड, खोटी मेंढी आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पोकळ बैल. खऱ्या बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोटात माणूस आणि कॅमेरा. त्या कोंडीत एकदा रिचर्डला घेरी आली, बैल उलटा झाला, चारी पाय आभाळाकडे. चेरीने भावाला बाहेर काढण्याआधी ह्या देखाव्याचा फोटो घेतला, असे सांगतात. भावंडे सगळीकडची सारखीच.

त्याच १८९५ साली रेजिनल्ड लॉज याने अंड्यांवर बसलेल्या लॅपविंगचे चित्र काढले व त्याला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. लॅपविंग म्हणजे आपल्या टिटवीची विलायती बहीण, डोक्यावर तुरा असलेली. पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाचा खरा श्रीगणेशा मी येथून धरतो.

आता उजेडाचे सांगितले पाहिजे, कारण मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. मॅग्नेशियमची पूड पेटवून लखलखाट करण्याची रीत तेव्हा निघाली होती. अमेरिकेत जॉर्ज शायरस हा रात्री होडीतून जाऊन असा भडका उडवी आणि काठावरची हरणे टिपी. त्याची ७४ चित्रे १९०६ च्या जुलैत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने छापली आणि एकच खळबळ उडाली. पण धूर, आवाज आणि डोळे दिपवणारी ज्वाळा हे सारे हरणाच्या एका चित्रापुरते ठीक. पन्नास हातांवर उथळ पाण्यात चरणाऱ्या तुतवारांच्या, शेकाट्यांच्या थव्यावर तो भडका पोचणार कसा, आणि पोचला तर दुसरे चित्र घ्यायला थवा उरणार कसा? म्हणून पाणपक्ष्यांचे चित्र म्हणजे सूर्याच्या मर्जीचे काम ठरले.

आणि सूर्य पाण्याकाठी फार उदार असतो, ही गोष्ट मला ह्या अभ्यासात नव्याने उमगली. माळावरच्या पक्ष्याला ऊन वरून मिळते. त्याची पाठ उजळते आणि पोट काळोखात जाते. पाण्यातल्या पक्ष्याला ऊन दोनदा मिळते, एकदा आभाळातून आणि एकदा पाण्यातून. नदीकाठच्या घरात सकाळी तुळयांवर उन्हाची जाळी नाचताना कुणी पाहिली नाही? तीच जाळी बगळ्याच्या पोटाखाली, मानेखाली, पंखाच्या आतल्या बाजूला नाचत असते. पण त्यासाठी ऊन तिरपे हवे, म्हणजे सकाळचे पहिले दोन तास किंवा दिवस मावळतीचे. अकरा वाजता सूर्य डोक्यावर येऊ लागला, की पाणी उन्हाला परत फारसे देत नाही, आत जिरवून टाकते. शिवाय आमच्या बगळ्याभोवती काळा चिखल. कॅमेरा बिचारा सरासरी काढणारा कारकून. चौकटीत बहुतेक काळेच पाहून त्याने ठरविले की उजेड कमी आहे आणि जास्त उजेड आत घेतला. त्यात पांढरा बगळा जळून गेला. लाखाचा असो की हजाराचा, कॅमेऱ्याला बगळा ठाऊक नसतो. तो माणसाला ठाऊक असावा लागतो.

जुन्या लोकांची अडचण तर आणखी निराळी. त्यांच्या काचांना निळा रंग भलताच उजळ दिसे आणि तांबडा मुळीच दिसत नसे. शेकाट्याचे गुलाबी पाय त्यांच्या चित्रात काळे, टिटवीच्या डोळ्यापुढली लाल पाळ काळी, आणि निळेभोर आभाळ कागदासारखे कोरे. रंगीत फिल्म १९३५ नंतर लोकांच्या हाती येऊ लागली, तीही इतकी मंद, की हलणारा पक्षी टिपायला लख्ख ऊन लागे.

ह्या मंडळींत मला सर्वांत जवळची वाटली ती एमा टर्नर. १८६७ साली केंट परगण्यात तिचा जन्म झाला. १९०० साली तिला वर सांगितलेला लॉज भेटला आणि पुढच्या वर्षी तिने कॅमेरा हाती घेतला. म्हणजे वयाची तिशी उलटल्यावर. नॉर्फोकच्या दलदलीत हिकलिंग नावाचे विस्तीर्ण उथळ तळे आहे. तेथे ती दर वर्षी काही महिने एका घरनावेत राहू लागली. नावेचे नाव 'वॉटर रेल', एका लाजाळू पाणकोंबडीचे. तळ्यातल्या एका चिमुकल्या बेटावर तिची झोपडी होती. त्या बेटाला लोक टर्नरचे बेट म्हणत. जड कॅमेरा, काचांच्या पेट्या, लव्हाळ्यांचा आडोसा, गुडघाभर पाणी, आणि अंगात त्या काळच्या बायकांचा पायघोळ पेहराव. मी एकदा शाळेच्या पँटीत नांदूरच्या चिखलात उतरलो होतो, तेव्हा चप्पल तेथेच ठेवून आलो. तिचे काय होत असेल, ह्याची मला कल्पना करवत नाही.

ह्या दलदलीत पूर्वी बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातला पक्षी नांदत असे. अंगावर वाळक्या लव्हाळ्यांसारखेच पट्टे. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून, मान ताणून, तो लव्हाळ्यांत असा उभा राहतो, की चार हातांवरूनही दिसू नये. नराचा आवाज रिकाम्या रांजणात फुंकावे तसा, कोसभर ऐकू जाणारा. दलदली उपसल्या गेल्या, बंदुकवाले वाढले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्याची वीण बंद झाली. अधूनमधून हिवाळ्यात एखादा पाहुणा येई, तोही पेंढा भरून काचेच्या पेटीत जाई. १९११ च्या उन्हाळ्यात एमा टर्नर आणि तेथला रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना लव्हाळ्यांत बिटर्नचे एक पिल्लू सापडले. तिने त्याचे छायाचित्र घेतले. बिटर्न परत आला आहे आणि येथेच त्याची वीण झाली आहे, ह्याचा तो पहिला पुरावा. असा पुरावा पूर्वी एकाच रीतीने देत असत : पक्षी मारून, त्याचे कातडे सोलून, चिठ्ठी बांधून. येथे पुरावा कागदावर होता आणि पिल्लू लव्हाळ्यांत होते. बिटर्नच्या चित्राबद्दल तिला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

पुढे १९२४ साली, वय सत्तावन्न, ती स्कोल्ट हेड नावाच्या निर्मनुष्य बेटावर समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांची राखण करायला राहिली. वर्तमानपत्रांनी तिला 'इंग्लंडातील सर्वांत एकाकी स्त्री' ठरवून टाकले. १९४० साली ती वारली. अखेरची दोन वर्षे तिला दिसत नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसलो ती सांगतो.

मोठ्या आणि लहान बगळ्यांना विणीच्या दिवसांत पाठीवर बारीक, लांब, धुक्यासारखी पिसे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील बायकांच्या टोप्यांवर ह्या पिसांचे तुरे खोवण्याची टूम निघाली. १९०३ साली न्यूयॉर्कच्या बाजारात ह्या पिसांना औंसाला ३२ डॉलर मिळत होते आणि सोन्याला वीस-एकवीस. पिसे फक्त विणीत फुटतात, आणि विणीत बगळे शेकड्यांनी एकत्र घरटी करतात, पिलांना सोडून दूर जात नाहीत. म्हणजे पारध्याला दोन्ही गोष्टी एकाच झाडावर मिळत. व्यापारी सांगत, छे, ही तर गळून पडलेली पिसे, आमची माणसे ती वेचून आणतात. टोपी घालणारीला तेच ऐकायचे असे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या जकात खात्यात आर्थर मॅटिंगली नावाचा नोकरदार होता. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन पाणथळात जायचे, हा त्याचा छंद. १९०६ साली मरे नदीच्या खोऱ्यात मथूरा गावाजवळ, पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या यूकॅलिप्टसच्या उंच झाडांवर त्याला बगळ्यांची वसाहत सापडली. त्याने झाडावर चढून घरटी, अंडी, पिलांना भरवणारे पक्षी यांची छायाचित्रे घेतली. काही आठवड्यांनी पिले मोठी झाली असतील म्हणून तो पुन्हा तेथे गेला. पाण्यावर बगळे पडलेले होते, पाठीची पिसे उपटून घेतलेले. वर घरट्यांत पिले अजून जिवंत होती आणि वरून कुठलाही पक्षी उडत गेला, की चोची उघडून ओरडत होती. काही मरून घरट्याच्या काठावर लोंबत होती.

त्याने काय करावे? पारधी निघून गेले होते. पिले वाचविणे शक्य नव्हते. त्याने जे येत होते ते केले. कॅमेरा रोखला आणि तेही टिपले. १९०७ साली ती छायाचित्रे ऑस्ट्रेलियातील 'एम्यू' ह्या पक्षिविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेथून ती लंडनला पोचली. पिसांच्या टोप्यांविरुद्ध तेथे एक संस्था झगडत होती. १८८९ साली काही बायकांनीच ती काढली होती, आणि १९०४ साली तिला राजाची सनद मिळाली होती. १९११ साली ह्या संस्थेने माणसे भाड्याने घेतली, त्यांच्या छातीपाठीवर बगळ्यांच्या चित्रांचे फलक अडकवले आणि ऐन खरेदीच्या दिवसांत त्यांना टोप्यांच्या दुकानांसमोरून हिंडविले. फलकावर आधी घरट्यातला बगळा, मग मेलेला बगळा, मग उपाशी पिले, मग टोपी. एमा टर्नरला पिल्लू सापडले ते हेच साल. पिसांची आयात बंद करणारा कायदा पार्लमेंटात व्हायला मात्र १९२१ उजाडले. दहा वर्षे!

हिंदुस्थानचा ह्या व्यापाराशी संबंध नव्हता असे नाही. येथून पिसे बाहेर पाठविण्यावर सरकारने १९०२ सालीच बंदी घातली होती, पण चोरटा व्यापार चालूच राहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर काही लोक पिसांसाठी बगळे पाळीत. आपल्याकडे कोंबड्यांचे खुराडे असते तसे बगळ्यांचे. पिसे कापून घ्यायची, मारायचे नाही, असा त्यांचा दावा होता. त्यात खरे किती आणि चोरट्या मालाला दिलेला मुलामा किती, ह्यावर त्या काळी वाद झाला. मला इतकेच सुचले, की कराचीपासून मुंबईपर्यंत ज्या बगळ्यांकडे मुले कवड्या मागत होती, त्यांच्याच पाठीवरचे सोने विलायतेत चालले होते.

आपल्याकडे बंदूक खाली ठेवली गेली ती सावकाश. भरतपूरच्या घना तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. आज त्याच बांधावरून लोक कॅमेरे घेऊन हिंडतात आणि त्या दगडाचाही फोटो काढतात. स्वतः सालिम अलींनी अभ्यासासाठी पुष्कळ पक्षी मारले, ते त्यांनी लपविलेही नाही. त्या काळचे पक्षिशास्त्र तसेच चाले.

त्यांच्याच सहवासात एक विलक्षण माणूस छायाचित्रकार म्हणून वाढला. लोक वान थो हा सिंगापूरचा चित्रपटगृहांचा मालक, गडगंज श्रीमंत. १९४२ साली जपानी सिंगापूरवर चालून आले, तेव्हा तो ज्या जहाजातून निसटला त्यावर बाँब पडले. तो भाजला, काही काळ त्याची दृष्टीही गेली. वाचला तो हिंदुस्थानात आला, मुंबईस सालिम अलींची गाठ पडली आणि युद्धाची वर्षे त्याने त्यांच्याबरोबर पक्षी पाहण्यात घालविली. ज्या डोळ्यांवर काही दिवस पट्टी होती, त्यांनी पुढे इतके बारकाईने पाहिले. १९५७ साली त्याचे 'ए कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे पुस्तक निघाले. १९६४ साली तैवानमध्ये विमान कोसळून तो गेला.

त्या युद्धाच्याच अखेरीस, १९४५ साली, सालिम अली कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांच्या वसाहतीवर पोचले. ह्या पक्ष्याला आता सारेच फ्लेमिंगो म्हणतात. खाऱ्या चिखलाचे वीतभर उंच ढिगारे, प्रत्येकावर घरटे, नजर पोचेल तेथवर. पाच लाखांच्या आसपास पक्षी असावेत, असा त्यांनी अंदाज केला. छायाचित्राचा उपयोग येथे पुराव्याचाच. नाहीतर ह्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील?

आता कॅमेरे उदंड झाले आहेत आणि बंदूक कायद्याने गेली आहे. तरी मला सारेच ठीक दिसत नाही. एका धरणाच्या फुगवट्यावर मी गेल्या वर्षी पाहिले : फ्लेमिंगोंचा थवा चरत होता, आणि चार-पाच नावा तिन्ही बाजूंनी त्याच्यावर घालण्यात आल्या, का, तर उडतानाचा फोटो हवा. थवा उठला, कॅमेरे कडकडले, थवा पलीकडे बसला. नावा पुन्हा वळल्या. अर्ध्या तासात तीनदा. नावाड्यांचे पोट त्यावर आहे, त्यांना काय बोलावे? पण चरायला हजारो कोस आलेल्या पक्ष्याला चरू न देणे हीसुद्धा टिपण्याचीच एक जात झाली. घरट्याचा फोटो स्वच्छ यावा म्हणून भोवतालचे गवत बाजूला बांधणारे पूर्वीही होते. गवत बाजूला झाले, की कावळ्यालाही घरटे तितकेच स्वच्छ दिसते.

फेब्रुवारीत मी त्या मुलाला घेऊन पुन्हा नांदूरला गेलो, पहाटेच्या दुधाच्या गाडीने. ह्या वेळी मनोऱ्यावर चढलो नाही. सूर्य पाठीशी येईल असे पाहून बांधाच्या उताराला दोघेही पालथे पडलो. थंडीने दात वाजत होते. अर्धा तास काही आले नाही. मग एक लहान बगळा उतरला. हा पक्षी मोठा लबाड. त्याचे पाय काळे आणि बोटे पिवळीधमक. एक पाय पुढे करून ती पिवळी बोटे तो चिखलात थरथर हलवितो आणि भ्यालेला मासा निघाला की टिपतो. सूर्य वर आला, पाणी तांबूस झाले, मग सोनेरी, आणि बगळ्याच्या पोटाखाली उन्हाची जाळी हलू लागली. मी मुलाच्या कानात सांगितले, उजेड दोन घरे कमी कर. त्याने केला. बगळा ध्यानाला उभा राहिला आणि आम्हीही.

फोटो चांगला आला. मानेचे पीस अन् पीस निराळे दिसते, डोळ्यात उन्हाचा टिंब आहे. फक्त घाईत पाय कापले गेले. पिवळी बोटे चौकटीच्या बाहेर राहिली. येत्या थंडीत पायांसकट काढायचा, असे त्याने ठरविले आहे. मामाने मध्यंतरी कॅमेरा परत नेला, त्याचे काय करायचे ते अजून आमचे ठरलेले नाही.